खिशातला फ्यूज

माझ्या आत्येबहिणीचा नवरा लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आला, तेव्हा त्याला संडासातून ओरडून सांगावं लागलं होतं की आपण इथं आहोत आणि बरे आहोत. बाहेर मीटरच्या बोर्डाजवळ नेव्हीकाका उभे होते. घराचा मेन फ्यूज त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. जावई असो की कलेक्टर, ज्याचं नाव घेतलं त्याचा जबाब कानावर आल्याशिवाय तो फ्यूज खिशातून निघत नसे. जावईबापू पुढं दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत, जसं काही त्यांचं नाव मीच घेतलं होतं. खरं म्हणजे मीच घेतलं होतं, कारण काकांना ते ठाऊक नव्हतं.

काकांचं स्वतःचं खरं नाव तरी भिलाईत कुणाला माहीत होतं म्हणा. गोंदियाकडचे गृहस्थ, पंधरा वर्षं नेव्हीत, जहाजावर बिजलीचं काम, मग रुआबांध्याला येऊन बाजाराच्या टोकाला एका खोलीचं दुकान. मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर, कूलर, जे बिघडेल ते. दुकानाला पाटी नव्हती. दारात एका खिळ्याला तळहाताएवढा लाल पत्रा टांगलेला असे आणि त्यावर पांढऱ्या रंगात हिंदीत लिहिलेलं, ‘आदमी काम पर है’. कुणाच्या घरी कामाला निघाले की तो पत्रा काढून पिशवीत टाकायचे आणि तिथल्या बोर्डावर लटकवायचे. लोक दुरून पाहूनच ओळखायचे की खिळा रिकामा आहे, म्हणजे काका नाहीत.

त्यांची पद्धत अशी. आधी फ्यूज काढायचा, तो स्वतःच्या डाव्या खिशात ठेवायचा, वरून बटन लावायचं. मग पत्रा. मग काम. काम संपलं की बोर्डाजवळ उभं राहून घरातल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं. ज्यानं त्यानं ओरडून सांगायचं, मी स्वयंपाकघरात, मी गच्चीवर, मी न्हाणीत. सगळे जबाब आले की बटन उघडायचं. कुणी हसलं तर ते सुरुवातीपासून पुन्हा नावं घ्यायचे.

“ज्याचा हात आत, त्याच्याच खिशात फ्यूज,” हे त्यांचं म्हणणं. नव्या प्रकारचे खटके बसवून घ्या असं कुणी सुचवलं की त्यांचा पारा चढायचा. “ते बटन कोणीबी येऊन वर करते. खिशातला फ्यूज कोण वर करन?”

यावर तोड नव्हती, पण लोकांना वेळ नव्हता. आमच्या स्मृति नगरातल्या बऱ्याच घरांनी त्यांना बोलावणं सोडलं. ऑफिसरांच्या बायकांना अंगणभर ऐकू जाईल असं ‘मी न्हाणीत’ म्हणणं परवडणारं नव्हतं. आम्ही मात्र सोडलं नाही. एक तर काकांनी हात लावलेली वस्तू पुन्हा बिघडत नसे, आणि दुसरं म्हणजे माझ्या बाबांना भांडायला कुणीतरी हवं असे.

बाबांनी भिलाईच्या पोलाद प्लांटात, रोलिंग मिलमध्ये, तीस वर्षं काढली. तिथल्या आवाजानं त्यांचे दोन्ही कान गेले होते, आणि कानाचं यंत्र ते पाहुणे आल्यावरच लावत. काका आले म्हणजे पाहुणे आले असं ते मानत नव्हते, त्यामुळं दोघांचं भांडण पूर्ण गल्लीला ऐकू जायचं. नेव्ही सोडल्यावर माजी सैनिक म्हणून काकांना प्लांटात नोकरी लागत होती. बाबांनीच फॉर्म आणून दिला होता. काकांनी तो दुकानात पंखा उघडून त्याच्या तेलकट बेअरिंगखाली अंथरला.

“पक्की नौकरी होती, क्वार्टर होतं. कावून लाथ मारली?” बाबा दर भेटीत विचारायचे.

“तिथं हजेरी घेणारा येगळा, बटन दाबणारा येगळा. मले नाही जमत, भाऊ.”

“अन् जहाजावर काय तुमी एकटेच होते?”

यावर काका पिशवी उचलून निघायचे. मला वाटायचं, बाबा जिंकले.

काकांच्या घरी ते आणि काकू दोघंच. मूलबाळ नव्हतं. पण तिथंही हजेरी चुकत नसे. काकू समोर उभ्या असल्या तरी ते विचारत, “अवो, कुठं आहे?” आणि काकू भाकरीच्या पिठाचे हात कमरेवर ठेवून म्हणत, “तुमच्या म्होरंच तं उभी आहो.” मगच दिवा. मी एकदा काकूंना विचारलं होतं की तुम्हाला राग येत नाही का. त्या म्हणाल्या, “दिवसातून चार खेपा नवरा बायकोले विचारते का तू कुठं आहे. कोणाचा विचारते वं?”

मी स्वतः तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात माझा हा गुण कामाला आला.

ते नौतपाचे दिवस होते. मे संपता संपता जी नऊ दिवसांची आग इथं पडते ती ज्यानं सोसली त्याला वेगळं सांगायला नको. आईची फुप्फुसं तेव्हा थकत चालली होती. हवेतून ऑक्सिजन ओढून देणारं एक मशीन तिच्या खाटेशी चोवीस तास घरघरत असे, आणि लाईट गेलीच तर म्हणून एक छोटा सिलिंडर भिंतीला टेकवून ठेवलेला होता. आमचा इन्व्हर्टर पंखा चालवायचा, त्या मशीनचा भार त्याला पेलत नव्हता. सकाळी अकराच्या सुमारास व्हरांड्यातल्या बोर्डातून चरचर आवाज आला, धूर निघाला आणि घर बंद पडलं.

मी सिलिंडर लावला आणि काकांना फोन केला. ते दहा मिनिटांत स्कूटरवर आले. मी ॲम्ब्युलन्सलाही फोन केला होता, तिकडून पाऊण तास सांगितला. डावीकडचे शेजारी सुट्टीला गावी गेलेले, उजवीकडे रिकामा प्लॉट, त्यामुळं दुसऱ्या घरून तार ओढून आणायचीही सोय नव्हती.

काकांनी बोर्ड पाहिला. “तार जयली आहे. वीस मिनिटं. किती आहे सिलिंडरात?”

“तेवढंच असेल,” मी म्हणाले.

त्यांनी फ्यूज काढला, खिशात टाकला, बटन लावलं, पत्रा टांगला. बाबा टॉर्च धरून शेजारी उभे राहिले. मी आईजवळ गेले. तिच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावर ऑक्सिजनचा आकडा ब्याण्णव होता. सिलिंडरच्या काट्याकडे मी मिनिटामिनिटाला पाहत होते. तो लाल पट्ट्यात शिरला तेव्हा आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला होता. आई काही बोलत नव्हती, फक्त माझा पदर मुठीत धरून होती. अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो म्हणतात. मी काकांचं घेत होते.

“झालं,” बाहेरून त्यांचा आवाज आला.

मला रडू आलं. मी धावत व्हरांड्यात गेले. काकांनी पकड पिशवीत ठेवली, हात पुसले, पत्रा काढला, आणि बोर्डाकडे तोंड करून उभे राहिले. “आई?”

“खाटेवर,” मी म्हणाले.

“भाऊ?”

बाबांना ऐकू येत नसल्यामुळं त्यांचा जबाब मीच द्यायचा, हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेलं होतं. बहुतेक वेळा ते काकांच्या डोळ्यांसमोरच टॉर्च धरून उभे असत, त्यामुळं माझा जबाब म्हणजे नुसता उपचार. आज ते तिथं नव्हते. मी म्हणाले, “अंगणात.”

काका वळले. “पाह्यलं का तू?”

“हो.”

“आपल्या डोयानं?”

“हो म्हटलं ना, काका. लावा लवकर.”

मी पाहिलं नव्हतं. मी इतका वेळ आईजवळून हललेच नव्हते. पण बाबा रोज त्या वेळेला अंगणात खुर्ची टाकून बसतात, तर असतीलच, आणि नसले तरी काय होणार होतं? घरातून आईच्या खोकल्याचा आवाज आला. खोकला म्हणजे नुसती हवा होती.

काकांनी मान वाकवून अंगणात पाहिलं. खुर्ची रिकामी होती. “मले दाखव,” ते म्हणाले.

“काका, सिलिंडर सरला. ब्याऐंशीवर आली ती.”

“दाखव मले भाऊले.”

“माही आई मरून राहिली, काका.”

“मालूम आहे मले,” ते म्हणाले. त्यांनी खिशावर तळहात दाबून धरला. मी पुढं झाले आणि त्यांच्या खिशात हात घातला. ते सत्तरीला टेकलेले, मी चाळिशीची. बटन तुटलं, खिसा टर्रकन फाटला आणि फ्यूज फरशीवर पडला. मी वाकले. त्यांनी त्यावर चप्पल ठेवली.

त्यानंतर मी त्यांना जे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, फ्यूज उचलला, मुठीत घट्ट धरला आणि घरातून मागच्या बाजूला चालू लागले. धावले नाहीत, पण त्या वयाच्या माणसाला झेपेल तेवढ्या वेगानं गेले. मी आईकडे पळाले. एकोणऐंशी. तिचे ओठ जांभळे पडत होते. एका भिंतीपलीकडे दुरुस्त झालेली वीज होती, ती एका म्हाताऱ्याच्या मुठीत अडली होती, आणि तो म्हातारा माझ्या घरात हजेरी घेत फिरत होता. मला त्या वेळी त्यांचा जेवढा द्वेष वाटला तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला नाही.

“मिळाले,” मागून आवाज आला.

ते बाबांना दंडाला धरून घरातून आणत होते. बाबांचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओले होते आणि हातात कूलरचा पंप होता. पंपाच्या तारांवरचं रबर पाण्यानं खाऊन टाकलेलं, आतलं तांबं उघडं. मागच्या खिडकीला आमचा जुना पत्र्याचा कूलर बसवलेला होता आणि त्याचं बटन मी सकाळी चालू केलं होतं. ते तसंच चालू होतं.

प्लांटातल्या माणसाला एक खोड असते. तिथं लाईन बंद झाली की तिला शटडाऊन म्हणतात, आणि शटडाऊन मिळालं की मागं पडलेली सगळी कामं त्यातच उरकून घ्यायची असतात. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी बाबांची ती खोड गेली नव्हती. बोर्डावर आता टॉर्चची गरज नाही असं दिसल्यावर, कुणाला न सांगता, ते मागं जाऊन कूलरच्या पाण्यात हात घालून बसले होते. माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते म्हणाले, “लाईन बंदच होती तं म्हटलं पंप पाहून घेतो. शटडाऊन कावून वाया घालवाचं?”

काकांनी तेव्हाही नियम सोडला नाही. “आई?” “खाटेवर.” “भाऊ?” बाबांनी ओला हात वर केला. “तू?” “इथं,” मी म्हणाले. मग त्यांनी फ्यूज लावला. मशीन एकदा बीप करून घरघरायला लागलं. आकडा नव्वदीच्या वर यायला बराच वेळ लागला. ॲम्ब्युलन्स आली, त्यांनी आईला तपासलं, आता ठीक आहे म्हणाले आणि गेले. आई त्यानंतर दोन वर्षं जगली, आणि बाबा अजून आहेत.

दुपारी काका बनियनवर आमच्या व्हरांड्यात बसले होते आणि मी त्यांचा खिसा शिवत होते. बाबा आत झोपले होते. माफी कशी मागावी ते मला सुचत नव्हतं, म्हणून मी टाके फार बारीक घालत होते. शेवटी मी विचारलं, “काका, तुमाले कसं समजलं मी खोटं बोलून राहिली?”

“आवाजावरून,” ते म्हणाले. “तू हो म्हटलं, तवा मले माहाच आवाज ऐकू आला.”

मग त्यांनी सांगितलं. अगदी थोडक्यात, पकडीची नाहीतर पान्याची गोष्ट सांगावी तसं. जहाजाच्या पोटात हवा खेळवणारा एक मोठा पंखा होता, माणूस उभा राहील एवढा. तो बंद करून त्याच्या आत काम चाललं होतं. काम झाल्यावर वरच्या साहेबानं हजेरी घेतली. त्यात बेहरा नावाचा ओडिशाकडचा पोरगा होता, काकांच्या शेजारच्या बंकवर झोपणारा. त्याला विडीची सवय होती, आणि कामावरून विडीला गेल्याबद्दल त्याला एकदा सजा झाली होती. त्याचं नाव घेतलं तेव्हा तो दिसत नव्हता. काकांना वाटलं, गेला असेल वर विडी ओढायला, पुन्हा सजा खाईल. दोस्ताचं काम म्हणून त्यांनीच आवाज बदलून जबाब दिला, ‘हाजिर’, आणि साहेबानं पंखा लावला.

“अन् तो?” मी विचारलं.

“तो आतच होता,” काका म्हणाले. “त्याचा पाना राह्यला होता आत. आणाले गेला होता.”

मी शेवटचा टाका घालून दोरा तोडला. शर्ट घेऊन त्यांनी खिसा दोन बोटांनी ओढून पाहिला. “पक्का झाला,” ते म्हणाले. “माह्या घरी हे कोणाले मालूम नाही. तिलेबी नाही.” एवढं बोलून ते स्कूटरला किक मारून गेले.

त्यानंतर काकांशी मी कधी वाद घातला नाही. आमच्या घरी नवे खटके बसले, ते त्यांनीच तोंड वाकडं करून बसवले. पण कुठलंही काम निघालं की मी आधी घरभर फिरून प्रत्येकाला डोळ्यांनी पाहून यायची आणि मग जबाब द्यायची. बाबा म्हणायचे, नेव्हीवाल्यानं पोरगी बिघडवली.

मागच्या वर्षी, पुन्हा नौतपातच, काकूंचा फोन आला. “बाई, येतं का वं जरा? सकायपासून पंखा लावू देऊन नाही राहिले.”

काका तेव्हा तीनेक महिने खाटेला खिळलेले होते. माणसं ओळखायचे, पण वर्षं ओळखायचे नाहीत. मी रुआबांध्याला पोचले तेव्हा खोली भट्टीसारखी तापलेली होती. काकू पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या आणि त्यांचा स्वतःचा पदर घामानं चिंब झाला होता. सकाळी दिवे जरा लुकलुकले, तेव्हा काकांनी हट्ट करून काकूंकडून फ्यूज काढून घेतला होता. तो त्यांच्या मुठीत होता. डोळे छताच्या पंख्याकडे लागले होते आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. ते नावं घेत होते. माझ्या ओळखीचं त्यात एकही नाव नव्हतं. प्रत्येक नावाला काकू ‘हाजिर’ म्हणत होत्या, आणि ते पुढं जात होते.

“बेहरा?”

“हाजिर,” काकू म्हणाल्या.

“झूट,” काका ओरडले. मूठ आणखी आवळली, अंग कापायला लागलं, आणि त्यांनी पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात केली.

“सकायपासून असंच चालू आहे,” काकू माझ्याकडे पाहून म्हणाल्या. “त्या एका नावावर येऊन अटकते. डॉक्टर म्हणे, शांत राहू द्या. कसं ठिवू शांत? कोण आहे वं हा बेहरा? तू तरी हो म्हणून पाहाय.”

मी खाटेजवळ बसले. नावं पुन्हा एकेक करून येत होती, काकू जबाब देत होत्या. मला ठाऊक होतं पुढचं नाव कोणतं ते. एका दुपारी मी ‘हो’ म्हणाले होते ते खोटं होतं, आणि या माणसानं ते ऐकलं नाही म्हणून माझं घर उभं होतं. कुणी बाहेर असल्याचं खोटं मी त्याला दुसऱ्यांदा सांगू शकत नव्हते.

“बेहरा?”

काकूंनी तोंड उघडलं. मी त्यांचा हात धरला.

“बेहरा आत आहे, काका,” मी म्हणाले. “पंख्यात आहे. लावू नोका.”

त्यांची नजर छतावरून माझ्याकडे आली. “पाह्यलं का तू?”

“पाह्यलं.”

“आपल्या डोयानं?”

“हो, काका. पाना आणाले गेला आहे.”

मग त्यांच्या गळ्यातून एक लांब श्वास निघाला. “मंग थांबा सारे,” ते हळू म्हणाले. “कोणी हात नोको लावू. येऊ द्या त्याले बाहेर.” त्यांचं कापणं थांबलं. मूठ तशीच छातीवर डाव्या बाजूला ठेवून त्यांनी डोळे मिटले.

त्या दुपारी आम्ही पंखा लावला नाही. मी आणि काकू आळीपाळीनं पुठ्ठ्यानं वारा घालत बसलो, आणि मी काकूंना बेहरा कोण ते सांगितलं. त्या रडल्या नाहीत. “येवढे वर्षं एकटेच घेऊन फिरले,” एवढंच म्हणाल्या. ऊन उतरता उतरता काका गेले, झोपेतच. त्यांची बोटं एकेक करून सोडवायला काकूंना वेळ लागला.

फ्यूज घेऊन त्या बोर्डापाशी उभ्या राहिल्या, पण लावेनात. मागं वळून मला म्हणाल्या, “सारे बाहेर आहेत ना वं?”

मी उठले. स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणी पाहिली, मागचं दार उघडून अंगण पाहिलं. कुणी नव्हतं. परत येऊन मी काकूंना तसं सांगितलं, आणि मग त्यांनी फ्यूज लावला.